मुलीच्या हाताला एअर पिस्तुलाची ग्रिप मोठी होते. सवयीने बसेल का?

नाही बसणार.

तुमच्या प्रश्नातलं ‘कोच म्हणतात, सवयीने बसेल’ हे वाचलं आणि चहा तसाच ठेवून लिहायला बसले. मुलगी तेरा वर्षांची, क्लबच्या पिस्तुलाला एम साइजची ग्रिप, बोट ट्रिगरपर्यंत जेमतेम पोचतं, आणि तुम्ही विचारताय की एस विकत घ्यावी की एम तासून घ्यावी. ते सांगते. पण हे ‘सवयीने बसेल’ माझ्या डोक्यात पंधरा-सोळा वर्षं ठाण मांडून बसलंय, आधी त्याचं बघू.

२००९. मी सोलापुरात बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला. क्लब म्हणजे पत्र्याचा एक हॉल, दहा मीटर मोजून मारलेली रेघ आणि आम्हा सहा जणांत मिळून एक पिस्तूल. मे महिन्यात तो पत्रा असा तापायचा की तळहाताच्या घामाने ग्रिप साबणाच्या वडीसारखी सुटायची. माझा हात मनगटाच्या रेघेपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत साडेसोळा सेंटीमीटर. सहाजणांत मी एकटी मुलगी, आणि ग्रिप बाकीच्या पाचांच्या मापाची.

अंगठा आणि तर्जनीमधलं बेचकं ग्रिपच्या मागे बरोबर मधोमध बसवलं की माझ्या बोटाचं नुसतं टोक ट्रिगरला लागायचं. लागायला हवी पहिल्या पेराची गादी. टोकाने दाबलं की बोट सरळ मागे येत नाही, पिस्तुलाला बाजूला ढकलतं. मी उजव्या हाताची, त्यामुळे माझे शॉट नऊ वाजता, म्हणजे निशाण घड्याळ धरलं तर मधोमध सोडून डावीकडे. मग कुणी न सांगता माणूस काय करतो, पंजा ग्रिपभोवती थोडा फिरवून घेतो. बोट पुढे येतं खरं, पण मग पिस्तूल आणि कोपरापासूनचा हात एका रेषेत राहत नाही. मनगट वाकडं, करंगळी सैल, आणि तोल सावरायला मूठ आवळली की शॉट खाली डावीकडे, सात वाजता. आठवडाभर नऊ, आठवडाभर सात. क्लबचे सर म्हणायचे, ‘ट्रिगर झटकतेस.’ झटकत होतेच की. का झटकते हे कुणी विचारलं नाही.

सरांचा आवडता दाखला हंगेरीचे पिस्तूल नेमबाज कारोली टाकाच यांचा. १९३८ मध्ये लष्करात असताना हातबॉम्ब फुटून उजवा हात निकामी झाला, गडी डाव्या हाताने शिकला आणि १९४८ आणि १९५२ अशी दोन ऑलिंपिक सुवर्णं घेऊन गेला. ‘त्याने हात बदलला, आणि तू ग्रिपचं रडगाणं गातेस!’ तेव्हा मला उत्तर सुचलं नाही. आता सुचतं. हात बदलला तर ग्रिपही बदलावी लागते. उजव्या हाताची घडीव ग्रिप डाव्या हातात नीट धरताच येत नाही, म्हणून तर कंपन्या उजवी-डावी वेगळी विकतात. शेवटी सर म्हणाले, मुलींनी रायफल घ्यावी, कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतकडे बघ. (त्याच कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत पिस्तुलात सुवर्ण घेतलं त्या दिवशी सरांना फोन लावणार होते. नंबर काढला, लावला नाही.)

माझे मामा सुतार. अशोक चौकाजवळ दुकान. त्यांना रडत सांगितलं तर म्हणाले, ‘दुसऱ्याचं पायताण घालून गड्ड्याच्या जत्रेत हिंडतीस व्हय?’ आणि स्वतःचा रंधा माझ्या हातात दिला. त्याची मूठ त्यांच्या तळव्याने तीस वर्षं घासून खोलगट झालेली. माझ्या हातात ती डगडगत होती.

एका रविवारी मी क्लबच्या पिस्तुलाची ग्रिप अॅलन-कीने सोडवून डब्याच्या पिशवीतून घरी आणली. न विचारता. हे चूक होतं, आणि त्याच संध्याकाळी एक मुलगा सरावाला आला तर पेटीत नागडं पिस्तूल. तो किस्सा क्लबात अजून सांगतात म्हणे. मामांनी जुन्या ग्रिपच्या पोकळीत मेणबत्त्या वितळवून ओतल्या, गार झाल्यावर आतल्या आकाराचा मेणाचा गड्डू काढला आणि सोमवारी सकाळी साडेसहाला ग्रिप जागेवर. मग मोडक्या शिसवी पलंगाच्या पायातून नवी ग्रिप.

पोकळी कोरायला चार रात्री गेल्या. हाताचं माप घ्यायची मामांची रीत वेगळी. सुताने रेघ मारायचा गेरू पाण्यात कालवून माझ्या तळव्याला फासला आणि म्हणाले, धर, पण दाबू नको. सोडल्यावर लाकडावर लाल डाग. जिथे डाग गडद तिथे लाकूड जास्त. तिथे कानस दोनदा फिरवायची, पुसायचं, पुन्हा गेरू. ‘हिथं लागायलंय बघ,’ म्हणत ते अंगठ्याच्या मुळाशी नख टेकवायचे. जिथे डागच नाही तिथे एम-सीलची चिमूट. तळव्याच्या मधल्या खळग्यात तर जवळजवळ सुपारीएवढं एम-सील गेलं. असं विसेक वेळा. शेवटी सगळ्या तळव्याचा डाग एकसारखा फिकट आला आणि तर्जनी मात्र लाकडाला कुठेच शिवली नाही. हे शेवटचं महत्त्वाचं आहे. ट्रिगरचं बोट ग्रिपला घासत असेल तर प्रत्येक दाबाला पिस्तूल थोडं हलणार.

मग राज्य स्पर्धा, पुणे. हुतात्मा एक्स्प्रेसने गेलो. माझा आणि मामांचा सगळा अभिमान इक्विपमेंट कंट्रोलच्या, म्हणजे पिस्तूल नियमात बसतं का ते तपासतात त्या टेबलावर उतरला. पिस्तूल ४२० बाय २०० बाय ५० मिलिमीटरच्या पेटीत बसलं, वजन १५०० ग्रॅमच्या आत, ट्रिगरने न सुटता ५०० ग्रॅमचं वजन उचललं. पण मामांनी हाताखालची फळी, म्हणजे ज्यावर पंजाची कड टेकते ती, ताटाच्या काठासारखी वर वळवली होती. हात छान कुशीत बसायचा. नियमाला तेच नको. फळीला वरचा बाक चालत नाही, आणि मनगटाला कसलाही आधार चालत नाही, ते मोकळं दिसलं पाहिजे. ग्रिप नापास. कानस सोलापुरात. मी बाहेरच्या पायरीवर बसून ती फळी सिमेंटच्या कठड्यावर घासली, वीस मिनिटं, बोटांची सालं निघेपर्यंत. दुसऱ्यांदा पास झाली. तेव्हा मुलींना चाळीस शॉट असायचे (२०१८ पासून साठ झाले), म्हणजे चारशेपैकी. क्लबात मी ३४० च्या पुढे कधी गेले नव्हते. त्या दिवशी ३६१. पदकाच्या आसपासही नाही, पण शॉट नऊ वाजता जायचे थांबले.

सर म्हणाले, ‘बघ, सवयीने आलं की नाही!’

मी त्यानंतर क्लबात फार दिवस टिकले नाही.

आता तुमचं. पैसे खर्च करायच्या आधी ट्रिगर मागे सरकवून बघा. बहुतेक मॅच पिस्तुलांत तो एका स्क्रूवर पुढे-मागे होतो, आणि कित्येक क्लबांत वर्षानुवर्षं कुणी हातही लावलेला नसतो. मग मुलीला डोळे मिटून पिस्तूल निशाणावर उचलायला सांगा. डोळे उघडल्यावर पुढची साइट मागच्या खाचेत मधोमध दिसली तर ग्रिप बरी आहे. दर वेळी एकाच बाजूला सरकलेली दिसली तर ती चूक मुलीची नाही. नवी घ्यायचीच तर एस घ्या, किंवा मापाने एक्सएस. छोट्या ग्रिपवर भर घालता येते. मोठी तासत गेलं की मागच्या बाजूला लवकरच धातू लागतो आणि तिथे तुमची कानस संपते. शाळेचा गणवेश वाढत्या अंगाचा घेतात तशी ग्रिप घेऊ नका. आणि साइजच्या अक्षरावर जाऊ नका, एका कंपनीची एस दुसरीच्या एमएवढी निघते. हात मोजूनच मागवा.

कोच ‘पोलिसातल्या पोरी मिळेल ते पिस्तूल चालवतात’ असंही म्हणतील. चालवतात, कारण तिथे इलाज नसतो. पोलिसांच्या ९ एमएम पिस्तुलाच्या मुठीत तेरा गोळ्यांचं दुहेरी ओळीचं मॅगझिन असतं, ते लाकूड नाही तासायला. आणि तिथेही नव्वदच्या दशकात वॉल्थर कंपनीची पी-९९ आली ती मुठीचा मागचा भाग बदलता येणारी, २०१० मध्ये ग्लॉक कंपनीनेही आपल्या पिस्तुलांच्या चौथ्या पिढीत तेच केलं. सवयीने बसत असतं तर त्यांनी कशाला खटाटोप केला असता?

काही गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या. क्लबच्या ग्रिपला माझ्यासारखा न विचारता हात लावू नका. ग्रिप काढताना पिस्तूल रिकामं आहे हे दोनदा बघा. शिसवीची धूळ घशाला लागते, तोंडाला फडकं बांधा. नियम मध्ये मध्ये बदलतात, चालू नियमपुस्तक बघूनच फळीला हात घाला. आणि खरं सांगायचं तर त्या स्पर्धेच्या आठवड्यात एका सीनियरने पिस्तुलाचा ट्रिगर स्टॉपही (शॉट सुटल्यावर ट्रिगरला आणखी मागे जाऊ न देणारा स्क्रू) जुळवून दिला होता. ३६१ मधले किती गुण मामांचे आणि किती त्याचे, देव जाणे. सरांना हे मी कधी सांगितलेलं नाही.

मुलीच्या हाताची लांबी मनगटाच्या रेघेपासून मोजा, तळव्याची रुंदी अंगठा सोडून मोजा, आणि ती उजव्या हाताची की डाव्या ते लिहून खाली टाका. मामांना विचारून सांगते. आता दुकान बंद आहे, पण कानस आहे.