'अनडिफाइन्ड'ला मराठीत काय म्हणावं?

दादरला मराठी माध्यमातल्या मुलांना वेबपानं बनवायला शिकवणाऱ्या एका शिक्षिकेचा हा प्रश्न. पानात जेक्वेरी किंवा नकाशे दाखवणाऱ्या लीफलेटसारखी जावास्क्रिप्टची लायब्ररी, म्हणजे दुसऱ्यांनी लिहून ठेवलेला तयार कोड, जोडली की ब्राउझरच्या कन्सोलमध्ये, म्हणजे चुका दाखवणाऱ्या खिडकीत, कधी 'नॉट डिफाइन्ड', कधी 'अनडिफाइन्ड' अशी लाल ओळ येते. त्या फळ्यावर 'अपरिभाषित' लिहितात. मुलं शब्द उतरवून घेतात, पण चूक कुठे शोधायची ते कुणालाच उमगत नाही. शब्द चुकला आहे का? चुकला असेल तर दुसरा कोणता? आणि लायब्ररी 'लोड' होते त्याला काय म्हणावं?

'अपरिभाषित' फळ्यावरून पुसून टाका. हा शब्द हिंदीतून आला आहे आणि मराठीत आल्यावर त्याचा अर्थ हरवला आहे. हिंदीत परिभाषा म्हणजे डेफिनिशन. मराठीत डेफिनिशनला आपण व्याख्या म्हणतो आणि परिभाषा म्हणजे एखाद्या शास्त्राच्या ठरलेल्या संज्ञांचा संच. १९६० साली स्थापन झालेल्या आपल्या भाषा संचालनालयाने विषयवार 'परिभाषा कोश' काढले, त्यांच्या नावातला अर्थ हाच. तेव्हा 'अपरिभाषित' ऐकून मराठी मुलाच्या डोक्यात काही उभं राहत नसेल तर त्यात त्याची काहीच चूक नाही.

मग 'अव्याख्यात' म्हणावं का? व्याकरणाने तो शब्द चालेल, पण अडचण तशीच राहील. कारण मुलांच्या पडद्यावर येणाऱ्या ओळी एकाच दुखण्याच्या नाहीत. इंग्रजीत त्या सारख्या दिसतात, पण प्रत्येकीचं कारण वेगळं आणि दुरुस्तीही वेगळी. एकच मराठी शब्द सगळ्यांना चिकटवला की नेमका तो फरक पुसला जातो.

मुंबईच्या कुठल्याही सोसायटीत लिफ्टशेजारी नावांची पाटी असते, ती डोळ्यांसमोर आणा. तुम्ही कुणाचं नाव विचारत आलात आणि पाटीवर ते नावच नसेल, तर वॉचमन म्हणतो, या नावाचं इथे कुणी नाही. हे 'नॉट डिफाइन्ड'. आता ३०२ बघा. आकडा रंगवलेला आहे, पुढची पट्टी कोरी आहे, अजून कुणाचं नाव लिहिलेलं नाही. हे 'अनडिफाइन्ड'. ४०१ पुढे मात्र कुणीतरी मुद्दाम 'रिकामा' असं लिहून ठेवलं आहे. हा 'नल'. मुलांना या तीन ओळी पाटीवर दाखवल्या की निम्मं काम होतं.

पहिल्यासाठी मी 'अनोळखी नाव' सुचवेन. 'डॉलर इज नॉट डिफाइन्ड' म्हणजे डॉलर ($, जेक्वेरीचं छोटं नाव) हे नाव अनोळखी आहे. सफारी ब्राउझर याच चुकीला 'कान्ट फाइंड व्हेरिएबल' म्हणतो, म्हणजे या नावाचं काही सापडत नाही. व्याख्येचा तिथे संबंधच येत नाही. 'अघोषित' हाही शब्द सुचवला जातो, पण त्याला अघोषित संपत्ती आणि अघोषित संप यांचा वास आहे. लपवाछपवी इथे काही झालेली नाही, ओळखच झालेली नाही.

नाव अनोळखी निघालं की लायब्ररी पानापर्यंत पोचली का, एवढंच आधी बघायचं. एफ १२ दाबून नेटवर्क हा टॅब उघडा, जेएस हा फिल्टर निवडा, पान पुन्हा आणा आणि स्टेटसचा रकाना वाचा. ४०४ असेल तर फाइलचा पत्ता चुकला. यात मुलांना सगळ्यात जास्त छळतं ते अक्षरांचं कॅपिटल-स्मॉल. घरच्या विंडोजवर दोन्ही चालतात, म्हणून पान नीट दिसतं. तेच लिनक्स सर्व्हरवर ठेवलं की कॅपिटल एसचा स्लायडर आणि स्मॉल एसचा स्लायडर या दोन वेगळ्या फाइली ठरतात. स्टेटस २०० आहे पण त्या फाइलवर क्लिक केल्यावर रिस्पॉन्समध्ये एचटीएमएल दिसतंय आणि कन्सोल 'अनएक्स्पेक्टेड टोकन' म्हणून कोनाची खूण < दाखवतोय, तर सर्व्हरने स्क्रिप्टऐवजी एखादं पान पाठवलं आहे. ती खूण त्या पानाचं पहिलं अक्षर. पान एचटीटीपीएसवर आणि लायब्ररीची लिंक साध्या एचटीटीपीची असेल, तर ब्राउझर ती स्क्रिप्ट अडवतो. लिंकमध्ये एक एस घातला की झालं.

फाइल आली आहे आणि तरीही नाव अनोळखी असेल, तर क्रम तपासा. आपली स्क्रिप्ट वर आणि जेक्वेरी खाली असेल, तर आपल्या ओळी चालतात तेव्हा पाटीवर नाव लागायचंच असतं. लायब्ररी आधी, तिच्यावर चालणारे प्लगइन (तिला जोडायच्या जादा सोयी) नंतर, आपली फाइल शेवटी. स्क्रिप्ट जोडणाऱ्या टॅगमध्ये 'असिंक' लिहिलं असेल तर हा क्रमही पाळला जात नाही, जी फाइल आधी आली ती आधी चालते. म्हणूनच अशी चूक कधी दिसते, कधी दिसत नाही, आणि मुलं चक्रावतात. 'डिफर' लिहिलं तर क्रम टिकतो आणि सगळं पान वाचून झाल्यावरच स्क्रिप्ट चालतात.

'अनडिफाइन्ड'साठी मराठीत एक फार चांगला शब्द आहे: कोरा. कोरा कागद, कोरा चेक, कोरं कापड. सातबारा कोरा म्हटलं की शेतकऱ्याच्या पोरालाही कळतं, उतारा जागेवर आहे, त्यावर बोजा लिहिलेला नाही. जागा आहे आणि लिहिलेलं काही नाही, हा अर्थ इतका नेमका आपल्या दुसऱ्या कुठल्या शब्दात नाही. 'मूल्यहीन' अजिबात नको, त्याचा अर्थ कवडीमोल असा होतो. शाळेत 'क्ष ची किंमत काढा' म्हणतात, तेव्हा 'किंमत कोरी आहे' हे मुलांना लगेच पचतं.

कोरं आणि अनोळखी यांतला फरक वर्डप्रेस या वेबसाइट बनवायच्या साधनात अगदी जवळून दिसतो. वर्डप्रेस आपली जेक्वेरी 'नोकॉन्फ्लिक्ट' पद्धतीने देतो. म्हणजे जेक्वेरी $ हे चिन्ह आधी घेते आणि मग सोडून देते. सोडल्यावर चिन्ह पाटीवर राहतं, त्याच्यापुढची पट्टी मात्र कोरी होते. म्हणून तिथे 'डॉलर इज नॉट डिफाइन्ड' येत नाही, 'डॉलर इज नॉट अ फंक्शन' येतं (फंक्शन म्हणजे हाक मारली की काम करणारा कोडचा तुकडा). नाव ओळखीचं आहे, पण ज्याला हाक मारली तिथे कुणीच नाही. 'अपरिभाषित' शिकलेलं मूल इथे लायब्ररीची लिंक पुन्हा पुन्हा टाकत बसतं. लिंकला काहीही झालेलं नसतं. आपल्या ओळी जेक्वेरी या पूर्ण नावाने हाक मारणाऱ्या फंक्शनमध्ये घाला आणि $ त्या फंक्शनच्या कंसात द्या. त्या चौकटीत $ पुन्हा कामाला लागतो.

तारीख निवडायच्या प्लगइनची 'डेटपिकर इज नॉट अ फंक्शन' ही ओळ याच घरातली. ऑब्जेक्टमध्ये, म्हणजे अनेक गोष्टी एका नावाखाली ठेवणाऱ्या डब्यात, नसलेली गोष्ट मागितली तर जावास्क्रिप्ट ओरडत नाही, गुपचूप कोरं हातात ठेवते. त्या कोऱ्यालाच काम सांगितलं की मग लाल ओळ येते. कारणं बहुधा तीन. प्लगइनची फाइल आलीच नाही. किंवा ती जेक्वेरीच्या आधी लागली, आणि मग कन्सोलमध्ये याच्या वरती 'जेक्वेरी इज नॉट डिफाइन्ड' अशी आणखी एक ओळ असते. मुलं शेवटची ओळ वाचतात. त्यांना सगळ्यात वरची लाल ओळ आधी वाचायची सवय लावा, खालच्या ओळी पुष्कळदा तिच्याच पोटातून आलेल्या असतात. तिसरं कारण सगळ्यात लबाड: जेक्वेरी दोनदा जोडलेली असते, एकदा टेम्पलेटमध्ये, एकदा आपण. दुसरी आली की पहिलीच्या जागी बसते, आणि पहिलीला जोडलेलं प्लगइन पहिलीबरोबर जातं. एक काढली की चालतं. 'एजॅक्स इज नॉट अ फंक्शन' आलं तर फाइलच्या नावात 'स्लिम' आहे का ते बघा. त्या छोट्या आवृत्तीत एजॅक्स (पान पुन्हा न आणता सर्व्हरकडून माहिती मागवणं) आणि ॲनिमेशन ठेवलेलंच नाही.

'नल'ला 'रिक्त' म्हणा. रिक्त पद म्हणजे पद मंजूर आहे आणि त्यावर माणूस नाही हे कुणीतरी बघून नोंदवलं आहे. नलमध्ये हा 'बघून नोंदवलं' भाग महत्त्वाचा. पानात अमुक आयडीचा घटक शोध म्हटलं आणि तो सापडला नाही, तर ब्राउझर उत्तर देतो: रिक्त. त्यानंतर 'कॅनॉट रीड प्रॉपर्टीज ऑफ नल' येतं. आयडीचं स्पेलिंग बरोबर असेल तर जवळजवळ नेहमी एकच गोष्ट निघते, स्क्रिप्ट हेडमध्ये, म्हणजे फाइलच्या वरच्या भागात, आहे आणि ती चालली तेव्हा खालचं पान अजून वाचूनच झालेलं नव्हतं. टॅग बॉडीच्या शेवटी न्या किंवा बाहेरच्या फाइलला डिफर लावा. लीफलेट हीच गोष्ट स्वतःच्या शब्दांत सांगते, 'मॅप कंटेनर नॉट फाउंड'. नकाशाची चौकट सापडली पण तिला उंची दिलेली नसेल तर मात्र कुठलीच लाल ओळ येत नाही आणि पडद्यावर काहीच दिसत नाही. तिथे शब्दही मदतीला येत नाही, स्टाइलमध्ये ४०० पिक्सेल उंची द्यावी लागते.

नलला 'शून्य' म्हणण्याचा मोह होतो, तो टाळा. बेरजेत नल शून्यासारखा वागतो हे खरं: नलमध्ये ५ मिळवले की ५ येतात. पण नल आणि ० सारखे आहेत का असं जावास्क्रिप्टला विचारलं तर ती नाही म्हणते. कोऱ्यात ५ मिळवले तर येतो 'नॅन', म्हणजे ही संख्याच नव्हे. मुलाच्या बिलाच्या पानावर एकूण रकमेच्या जागी नॅन दिसला तर त्याला कुठली तरी किंमत कोरी राहिली आहे का ते आधी शोधायला सांगा.

वर्गात गोंधळ घालतील अशा दोन जागा आधीच सांगून ठेवतो. 'टाइपऑफ', म्हणजे नावात कुठल्या प्रकारची किंमत आहे ते सांगणारा शब्द, वापरून विचारलं तर अनोळखी नाव आणि कोरं नाव या दोघांनाही 'अनडिफाइन्ड' हेच उत्तर मिळतं. फरक बघायचा असेल तर कन्सोलमध्ये नुसतं नाव लिहून एंटर दाबा. अनोळखी असेल तर लाल चूक, कोरं असेल तर फिकट अक्षरात 'अनडिफाइन्ड'. दुसरी जागा $ चीच. क्रोमच्या कन्सोलला त्याचा स्वतःचा एक $ असतो, पानातला घटक शोधणारा. पानावर जेक्वेरी नसली तरी कन्सोलमध्ये $ लिहिलं की फंक्शन दिसतं, आणि मूल म्हणतं, बाई, लायब्ररी तर आहे! म्हणून तपासताना जेक्वेरी हे पूर्ण नाव लिहायचं.

'लोड'ला शब्द शोधत बसू नका. मुंबईच्या कुठल्याही ऑफिसात 'जेक्वेरी लोडच नाही झाली' हेच ऐकू येईल आणि ते सगळ्यांना कळतं. 'चढवणे' हा शब्द अपलोडला बसला आहे, तो इथे ओढला तर उलटा अर्थ लागेल. मुलांकडून फक्त दोन वाक्यं वेगळी म्हणवून घ्या: 'लायब्ररी आली नाही' आणि 'लायब्ररी उशिरा आली'. पहिल्यात पत्ता तपासायचा, दुसऱ्यात क्रम. 'बदल उचलत नाहीये' हाही बोलीतला छान प्रयोग आहे. फाइल सुधारली तरी ब्राउझर जुनीच दाखवतो तेव्हा तो वापरतात, आणि उपाय कंट्रोल-शिफ्ट-आर. लायब्ररीला 'ग्रंथालय' म्हणू नका. तुमच्या दादरच्या मुलांना मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयच आठवेल, आणि ते आठवावंच.

लाल ओळ वहीत लिहून घेताना मात्र रोमन लिपीत, अक्षर न अक्षर तशीच लिहू द्या. तीच ओळ पुढे कुठेही शोधावी लागते. मराठी शब्द तिच्या खाली, समजून घेण्यासाठी.

राहिलं लिंग. 'अनोळखी' आणि 'रिक्त' बदलत नाहीत, त्यामुळे ते कशालाही जोडता येतात. 'कोरा' बदलतो आणि व्हेरिएबलच्या नावाप्रमाणे चालतो: डॉलर कोरा, तारीख कोरी, नाव कोरं. एरर येतो की येते यावर मुलं भांडली तर दोघांनाही बरोबर म्हणा, मुंबईत दोन्ही चालतं.