पिकअपमधल्या ६०० वॅटच्या इन्व्हर्टरला किती अँपिअरचा फ्यूज लावू?

गणपतीपुळ्याला पिकअपमध्ये सोलकढीची गाडी लावताय, बॅटरी पुढे बॉनेटमध्ये, ६०० वॅटचा इन्व्हर्टर मागे हौद्यात, आणि दुकानदार म्हणतो ५० अँपिअरचा फ्यूज चालेल. नाही चालणार.

६०० ला १२ ने भागलं की ५० येतात खरे, पण इन्व्हर्टर त्यातले दहा-पंधरा टक्के नुसता तापण्यातच घालवतो. बॅटरी उतरून ११ व्होल्टवर आली की तेवढ्याच वॅटला तो जास्त करंट ओढतो. हिशेब ६५ पर्यंत जातो. त्याच्या वरचा सहज मिळणारा ८० चा, तोच घ्या, नट-बोल्टने आवळायचा पट्टीवाला. मिक्सर सुरू होतानाचा क्षणभराचा झटका तो सोसतो.

पण आधी केबल ठरवा. हा फ्यूज केबलसाठी असतो, इन्व्हर्टरचे त्याच्या पोटात वेगळे असतात. पुढून हौद्यापर्यंत चार मीटर धरले तर २५ स्क्वेअर एमएमची तांब्याची केबल, निगेटिव्हलाही तेवढीच जाड. ६ स्क्वेअर एमएमच्या वायरवर ८० चा फ्यूज घातलात तर फ्यूज शाबूत राहून वायर पेटेल. आणि फ्यूज बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून वीतभर अंतरात हवा. मागे इन्व्हर्टरजवळ बसवलात तर मधली केबल पत्र्याच्या धारेवर घासून शॉर्ट झाली की तिला अडवणारं काहीच नाही.

आता आपल्याकडची खरी डोकेदुखी, खारा वारा. माझ्या टेम्पोत दुसऱ्याच पावसाळ्यात जळका वास आला. पाहतो तर फ्यूजचं होल्डर वितळून एका बाजूला ओघळलेलं, आणि फ्यूज ठणठणीत! थिंबल, म्हणजे केबलच्या टोकाची बोल्टला अडकवायची कडी, उघडलं, तर आत तारांवर हिरवी भुकटी. गंजलेला, सैल सांधा तापतो, पण करंट वाढत नाही, मग फ्यूज उडेल कशाला? तेव्हापासून कल्हईवाल्या तारेची केबल, प्रेसने दाबलेलं थिंबल, वर हीटश्रिंक (तापवलं की आवळून बसणारी नळी) आणि आवळून झालं की व्हॅसलीनचा हात. महिन्यातून एकदा पाना लावून बघतो.

मिक्सर लावल्यावर इन्व्हर्टर बीप करून बंद पडत असेल, तर १०० चा फ्यूज घालून उपयोग नाही, इन्व्हर्टरच मोठा घ्यावा लागेल, आणि मग केबलही. घरी पडून असलेली एमसीबी इथे वापरू नका, ती घरातल्या एसी करंटची असते, बॅटरीच्या डीसी करंटची ठिणगी तिला तोडता येईलच असं नाही.