हिरकणी आणि बंद दरवाजा

प्रिय मुली,

तुझे पत्र दोनदा वाचले. बाळाला वरचे दूध सुरू केल्यापासून घरी येणारी प्रत्येक पाहुणी 'अंगावरचे पुरत नाही का गं?' असे विचारते, हे तू ज्या अपराधी स्वरात लिहिले आहेस, त्या स्वराने मी अस्वस्थ झाले.

आपल्याकडे चांगल्या आईचे माप हिरकणीवरून घेतात. रायगडाचे दरवाजे सूर्यास्ताला बंद झाले, तेव्हा गडावर दूध घालायला आलेली ही गवळण घरच्या तान्ह्या लेकरासाठी अंधारात कडा उतरून गेली, ही आख्यायिका वर्गात सांगताना माझाही कंठ दाटून येई. स्वतः आई झाल्यावर मात्र मला त्या कथेतला दरवाजा दिसू लागला. पहारेकऱ्यांची विनवणी करूनही तो उघडला नाही. पुढे महाराजांनी तिचा गौरव केला आणि त्या कड्यावर बुरूज बांधला. तिचे धैर्य थोरच आहे. परंतु एका रात्री नाइलाजाने उतरलेला तो कडा आपण प्रत्येक आईच्या रोजच्या वाटेवर आणून ठेवला आणि दरवाजाविषयी कोणी काही विचारलेच नाही. एसटी स्थानकांवर बाळाला दूध पाजण्यासाठी असलेल्या हिरकणी कक्षांचे नाव मला म्हणूनच आवडले होते, पण एका स्थानकात माझी लेक रडणारे बाळ घेऊन गेली, तर कक्षाला कुलूप होते.

तेव्हा आधी दरवाजे उघडून घे. रात्रीचे एक दूध बाळाच्या बाबांकडे सोपव. वाटी-चमचा उकळणे, पाजणे, ढेकर काढणे हे त्यांनाही जमेल. बाळंतपणानंतर पहिल्या पंधरवड्यात रडू येणे पुष्कळ जणींच्या वाट्याला येते. त्यानंतरही मन उदास राहिले, बाळ झोपलेले असतानाही तुला झोप येईना, तर सासूबाई काय म्हणतील याचा विचार न करता डॉक्टरांकडे जा.

आणि 26 आठवड्यांची रजा संपण्याची वाट पाहू नकोस. मातृत्व लाभ कायद्यातील 2017 च्या दुरुस्तीने 50 किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेवर पाळणाघराची जबाबदारी टाकली आहे आणि दिवसातून चार वेळा बाळाकडे जाण्याची मुभाही आईला दिली आहे. तुमच्याकडे ती सोय नाही, असे तू लिहितेस. तसा लेखी अर्ज याच आठवड्यात कर. मसुदा मला पाठव, मी तपासून देईन.

तुझ्या,
बाई