कडी नीट लागली नसंल

आषाढ लागला की मला एक ठरावीक फोन येतो. बहुधा आईचा असतो, आवाज दबका. "मॅडम, हसू नका, पण कोंबडीवरून विचारायचंय." मी हसत नाही. साताऱ्याच्या आसपास वीस वर्षं समुपदेशनाचं काम करतेय. अंड्यांचे पैसे सुनेनं वेगळ्या डब्यात ठेवले म्हणून मोडायला आलेलं घर पाहिलंय. पहाटे चारला आरवणाऱ्या कोंबड्यावरून भावकीतला सहा महिन्यांचा अबोला पाहिलाय. "खुराडं कुणाच्या जिवावर टाकून पुण्याला येऊ?" म्हणणाऱ्या आईपुढे हात टेकलेले इंजिनिअर मुलगे तर दर वर्षी येतात. परसातल्या दहा-बारा कोंबड्या म्हणजे अख्ख्या घराचा कारभार असतो, हे मला आता पाठ झालंय.

पण आषाढातला प्रश्न वेगळा. "कोंबडी कापली, पोरगं जेवत नाही. त्याला काय सांगायचं?" यंदा पंधरा दिवसांत तिघींनी हेच विचारलं. तिसरीला मी गणूची गोष्ट सांगितली आणि सांगता सांगता वाटलं, ही एकदा लिहूनच टाकावी. नाव आणि घरातल्या ओळखीच्या खुणा अर्थातच बदलल्या आहेत.

गणू आठ वर्षांचा, तिसरीत. वडील दुधाच्या टेम्पोवर, आई शेतात, घरी आजी. कोंबड्या आजीच्या, पण संध्याकाळी त्या खुराड्यात कोंडून कडी लावायचं काम गणूचं. त्यातल्या एका कोंबडीचं नाव टिकली. गणू पहिलीत असताना आजीनं खुडूक कोंबडीखाली बारा अंडी ठेवली होती. गणूनं कॅलेंडरवर एकवीस दिवस फुल्या मारल्या. नऊ अंडी फुटली, आणि सगळ्यांत शेवटी निघालेल्या पिल्लाच्या डोक्यावर पांढरा ठिपका होता. ती टिकली. बाकीची पिल्लं घारीनं, मांजरानं आणि बाजारानं नेली. टिकली राहिली.

वडिलांनी मला पहिल्याच भेटीत, गणूला बाहेर बसवून, खरं काय ते सांगून टाकलं. आषाढातला रविवार, मुंबईहून बहीण-मेव्हणे येणार, टिकली अंड्यावरून उतरलेली. पोरगं उठायच्या आत त्यांनी ती कापली. सकाळी गणूनं विचारलं तेव्हा आजी म्हणाली, रात्री बोक्यानं नेली. दुपारच्या रश्श्याचं चिकन बाजारातून आणलं असं सांगितलं. पोरगं जेवलंसुद्धा. त्यानंतर मात्र महिनाभर अन्नावर वासना नाही, रात्री उठून बाहेर जातं, वर्गात डुलक्या घेतं. आजीनं दृष्ट काढली, दंडाला काळा दोरा बांधला. वडिलांनी बाजारातून दोन देखण्या तलंगा आणल्या. गणूनं त्यांच्याकडे ढुंकून पाहिलं नाही.

"फार हळवं हाय वो," वडील म्हणाले. "एका कोंबडीपायी एवढं? पुढं कसं व्हायचं ह्याचं? आणि तुम्हीबी त्याला बोक्याचंच सांगा, बरं का."

मी मान डोलावली. ही माझी चूक, आणि ती मी लपवणार नाही. पहिल्या दोन भेटी मी दुःखाच्याच मागे लागले. टिकलीला काय आवडायचं? "कणी." ती कशी ओरडायची? "कोंबडीसारखी." पोरगं तोंडी परीक्षेला बसल्यासारखं उत्तरं देत होतं आणि मी आपली वहीत लिहीत होते, हळूहळू मोकळा होतोय म्हणून.

तिसऱ्या वेळी त्याला कागद आणि खडू दिले. काढ तुला हवं ते. त्यानं खुराडं काढलं. टिकली नाही, एकही कोंबडी नाही. नुसतं खुराडं, आणि त्याच्या दारावर केवढी तरी कडी. ती तो गिरवत राहिला, गिरवत राहिला, शेवटी तिथं कागद फाटला.

"ही एवढी मोठी आहे?" मी विचारलं.

"न्हाई. पण ती लागत न्हाई नीट."

"म्हणजे कशी?"

तोंडानं सांगणं त्याला जमेना. तो उठला आणि माझ्या खोलीच्या दारापाशी गेला. आधी दार गुडघ्यानं दाबलं, मग कडी वर उचलली, मग आत सरकवली, मग बोटानं दोनदा हलवून पाहिली. पुन्हा उघडली. गुडघा, वर, आत, दोनदा हलवणं. तिसऱ्यांदा करताना ओठ हलत होते, मोजल्यासारखे. माझ्या लक्षात आलं की मी श्वास रोखून बघतेय.

"त्या रात्री लावली होतीस?"

बराच वेळ तो कडीला धरून उभा राहिला. "मला वाटतं लावली हुती. पण आजी म्हनली, कडी नीट लागली नसंल."

मग जरा थांबून म्हणाला, "मला लावल्याचं आठवतंय. पण ते खोटंच आठवत असंल."

या क्षणासाठीच मी हे काम करते, असं मनातल्या मनात म्हणून घेतलं. आम्ही सगळे समजत होतो की पोरगं कोंबडीसाठी झुरतंय. ते झुरत नव्हतं, ते पहारा देत होतं. रात्री अंथरुणावर पडलं की कडी लावल्याचं आठवायचं, आणि लगेच वाटायचं, त्या दिवशीही असंच आठवत होतं की. मग उठायचं आणि बघून यायचं. स्वतःच्याच आठवणीवरचा विश्वास उडालेला माणूस दुसरं काय करणार?

आजीच्या त्या अर्ध्या वाक्यात दुष्टपणा काहीच नव्हता. खोटं उघडं पडू नये म्हणून माणूस त्याला एखादा तपशील जोडतो. बोका आला, तर कसा आला? कडी राहिली असेल. आणि कडी कुणाकडे? मोठ्यांच्या दृष्टीनं ते खोट्याला लावलेलं साधं ठिगळ. मुलाच्या दृष्टीनं ते आरोपपत्र होतं, आणि गुन्हा कबूल करायलाही कुणी विचारत नव्हतं, कारण सगळे त्याच्याशी फारच गोड वागत होते.

मी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विचारांवर पोसलेली आहे, हे माझ्याकडे येणाऱ्यांना ठाऊक असतं. माणूस घटनेनं कष्टी होत नाही, घटनेचा जो अर्थ लावतो त्यानं होतो, हे 1955 च्या सुमारास त्यांनी मांडायला सुरुवात केली आणि माझ्या खुर्चीवरून मला ते रोज पटतं. नेहमीचा अशील असता तर मी म्हटलं असतं, कडी विसरणं म्हणजे काही खून नव्हे, चूक कुणाच्याही हातून होते. ते बरोबरही ठरलं असतं. पण इथं तसं समजावणं म्हणजे न केलेल्या चुकीबद्दल पोराला क्षमा करणं. काही वेळा चुकीचा अर्थ माणसानं लावलेला नसतो, त्याच्या हातात दिलेला असतो. मग ज्यानं दिला त्यानंच तो परत घ्यायचा.

वडिलांना हे सांगणं सोपं नव्हतं. "म्हंजे मी पोरासमोर खोटा पडू? बापाची काय किंमत राहील?"

"दादा, तुमची किंमत टिकावी म्हणून तो महिनाभर रात्री अंगणात उभा राहतोय."

ते गप्प झाले. मग म्हणाले, "आईला न्हाई सांगायला लावायचं. कापली मी, सांगतो मी."

पुढच्या भेटीत बापलेक शेजारी बसले. मी टेबलामागून उठून खिडकीपाशी गेले, कारण हे दोघांतलं होतं. वडिलांनी फिरवून बोलायचा प्रयत्न केला, पाहुण्यांपासून सुरुवात केली, अडखळले, आणि मग एकदम म्हणाले, "गणू, बोका आलाच नव्हता. टिकली मी कापली. सकाळी, तू झोपला हुतास तवा."

मी रडण्याची वाट पाहत होते. गणू रडला नाही. "म्हंजे कडी मी लावली हुती?"

"व्हय. मी स्वतः उघडली. चांगली घट हुती."

पोराचे खांदे असे खाली आले की जणू पाठीवरचं दप्तर काढलं. एवढ्या वर्षांत इतकं लख्ख, डोळ्यांना दिसेल असं हलकं होणं मी चार-पाच वेळाच पाहिलं असेल. मग त्याला दुसरं सुचलं. "त्या दिवशीचा रस्सा?"

वडिलांनी माझ्याकडे पाहिलं. मी मदत केली नाही. "टिकलीचाच," ते म्हणाले.

तिसऱ्या दिवशी आईचा फोन. "मॅडम, बिघडलं की वो सगळं! बापाशी बोलत न्हाई, आजीच्या ताटाजवळ बसत न्हाई, चपला भिरकावल्या." मी विचारलं, रात्री उठतो का? "न्हाई. झोपतो मेला ढाराढूर." जेवतो? "भाकरी दोन खातो, पण रागानं." मी फोनवर चक्क हसले. इतके दिवस जो राग तो स्वतःवर काढत होता तो अखेर योग्य पत्त्यावर गेला होता. तो राग आठ-दहा दिवस सोसा, म्हटलं, त्याची मनधरणी करू नका आणि त्याला दटावूही नका. रागाच्या नवव्या दिवशी तो आजीच्या पाठीशी जाऊन टेकला.

आता त्या तिघींना, आणि पुढच्या आषाढात फोन करणार असाल त्यांना.

मुलाला खरं सांगा, आणि कापण्याआधी सांगा. कोंबडी खाण्यासाठी पाळतात हे शेतावरच्या मुलाला माहीत असतं. त्याला कळत नसतं ते एवढंच की हीच का आणि आजच का. सात-आठ वर्षांच्या मुलाला मरण कायमचं असतं हे समजतं. त्याहून लहानाला "झोपली", "पाहुण्यांकडे गेली" असं सांगाल तर ते रोज संध्याकाळी डालग्याखाली डोकावून बघेल. ज्याला त्या दिवशी खायचं नसेल त्याला पिठलं करून द्या, ताटावर टिंगल नको. आणि "पुरुषासारखा पुरुष आणि कोंबडीसाठी रडतो" हे वाक्य तर घरातून हद्दपारच करा. हळव्या मुलाचं पुढं कसं व्हायचं, असं वडील विचारतात. मी विचारते, जो दोन वर्षं एक दिवस न चुकता कडी लावतो, त्याची काय काळजी करायची?

कापण्याचा प्रश्न नसतानाही हाच घोळ होतो. मानमोडी, म्हणजे कोंबड्यांचा राणीखेत रोग, आली की दोन-चार दिवसांत खुराडं रिकामं होतं आणि घरातलं पोर मनात म्हणतं, मी परवा पाणी बदललं नव्हतं. अशा वेळी त्याला बसवून सांगा की हा विषाणू आहे, झाल्यावर औषध नाही, पिल्लू पाच-सात दिवसांचं असताना लासोटा लशीचा थेंब द्यायचा असतो आणि ते काम मोठ्यांचं होतं. 2006 मध्ये नवापूरला आणि 2021 च्या जानेवारीत परभणीजवळच्या मुरुंब्यात बर्ड फ्लूमुळे आजूबाजूच्या धडधाकट कोंबड्याही माराव्या लागल्या. अशा कोंबड्यांची भरपाई कागदावर मोजता येते. पण कोंबडी उराशी धरून बसलेल्या पोराला ती का न्यायची, हे घरातल्याच कुणीतरी सांगावं लागतं.

अजून एक. रडतंय म्हणून आठवडी बाजारातलं गुलाबी नाहीतर हिरवं रंगवलेलं पिल्लू आणून देऊ नका. ते बहुतेक अंड्यांच्या कोंबड्यांच्या हॅचरीतले नको असलेले नर असतात, आणि पुष्कळदा आठवडाही काढत नाहीत. पहिलं दुःख ओलं असताना दुसरं घरात आणण्यात काय हशील?

आणि खरं सांगूनही दोन-तीन आठवड्यांत झोप, जेवण, शाळा रुळावर आली नाही, किंवा एकच गोष्ट पुन्हा पुन्हा तपासणं थांबलं नाही, तर दोऱ्यावर विसंबू नका. जवळ कुणी समुपदेशक नसेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या क्रमांकावर मराठीतही बोलता येतं, पैसे पडत नाहीत.

गणूच्या घरी शेवटी बापलेकात तह झाला. ज्या कोंबडीच्या पायात चिंधी, तिला सुरी नाही. चिंधी बांधायचा हक्क गणूचा. किती चिंध्या, हे मात्र ठरवायचं राहून गेलं; माझ्याही ध्यानात आलं नाही.

पुढच्या आषाढात वडिलांचा फोन आला. "मॅडम, उद्या पाव्हणं येणार. खुराडं उघडलं तर अकराच्या अकरा कोंबड्यांच्या पायात चिंध्या! आन् त्या आईच्या जुन्या लुगड्याच्या. तिनंच फाडून दिल्यात."

"मग ब्रॉयलर आणा की बाजारातून."

"तेच म्हनतोय. पण गणूला सांगू का, कशाला चाललोय ते?"

मी उत्तर द्यायच्या आत मागून आवाज आला, "आबा, मीबी येतो. मागच्या बारीला मसाला कमी पडला हुता."