कुत्र्याच्या अंगावर पुरळ आलंय, घरात उरलेली अँटिबायोटिक गोळी देऊ का?

कृपा करून देऊ नका. मुंबईच्या पावसाळ्यात पोटावर पुरळ उठलं की ते बॅक्टेरियामुळेच असेल असं नाही. बुरशी, गोचीड, ॲलर्जी, काहीही असू शकतं, आणि बुरशीवर अँटिबायोटिकचा काडीचाही उपयोग नाही. डॉक्टर पुरळावर काचपट्टी दाबून मायक्रोस्कोपखाली बघतात, मग औषध ठरतं, डोस वजनावर. उदाहरणार्थ गोचीडतापात, म्हणजे गोचीड चावल्याने होणाऱ्या जंतुसंसर्गात, डॉक्सिसायक्लिन ही अँटिबायोटिक साधारण २८ दिवस द्यावी लागते. चार दिवसांत कुत्रा जेवायला लागला म्हणून मध्येच थांबवू नका. गोळी खाण्यासोबत द्या, वर पाणी पाजा, नाहीतर ती अन्ननलिकेत अडकून जखम करते. परळच्या बैलघोडा या जनावरांच्या हॉस्पिटलात दाखवता येईल. आणि आपली पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन तर अजिबात नको, कुत्र्यांना ती विषारी ठरतात.