जुनी स्पोर्ट्स कार विकताना किंमत चढवून सांगावी की रास्त?

प्रश्न: माझी २०१६ची दोन दरवाजांची स्पोर्ट्स कार दापोलीत आहे. विकताना चढवून सांगून मग खाली यावं, की आधीच रास्त सांगावी?

रास्तच सांगा. चढवून सांगायचा प्रयोग मी करून बसलोय, पावणेपाच लाखांना पडला.

माझी २०१५ची ऑडी टीटी होती, रत्नागिरीत, एमएच ०८ पासिंग. २०२२च्या दिवाळीत विकायला काढली. माझ्या मनात पंचवीस-सव्वीस लाख होते. त्यात आमचे भावोजी पडले. बागायतदार माणूस. म्हणाले, "गिऱ्हाईक तोडणारच रे, तीस सांग." सांगितले. महिनाभर फोन नाही, मग कोल्हापूरचे एक डॉक्टर आंबा घाट उतरून आले.

बॉनेट उघडायच्या आधी त्यांनी सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून काढला आणि मुळाशी गाळाची रेघ आहे का ते बघितलं. २२ जुलै २०२१चा चिपळूणचा पूर! एमएच ०८ दिसलं की बाहेरचा माणूस हे बघतोच, तुमचंही बघेल. मला राग आला, कारण माझी गाडी त्या दिवसांत घराच्या अंगणातून हललीसुद्धा नव्हती. मग ते अंगणात आडवे झाले आणि हात खाली घातला. टीटीचा वरचा पत्रा अ‍ॅल्युमिनियमचा, त्यामुळे वरून गाडी चकाचक. खाली पोलाद, आणि आमच्याकडचा खारा वारा. बोट बाहेर आलं ते तांबडं होऊन. रुमालाला पुसत म्हणाले, "साडेचोवीस. टोकन आत्ता देतो." मी हो म्हणणार, तेवढ्यात पडवीतून भावोजी: "तिसाच्या खाली बोलणंच नाही." डॉक्टर चहा घेऊन निघून गेले.

पुढचा पावसाळा गाडीने ताडपत्रीखाली काढला. उंदरांनी वायरिंग कुरतडलं, सीटवर बुरशी आली, ब्रेकचे पॅड डिस्कला धरले. सप्टेंबर २०२३मध्ये पनवेलच्या एका डीलरला पावणेवीसला दिली. बॅटरी आणि वायरिंगचा खर्च वेगळा, तो हिशोब घरात अजून सांगितलेला नाही.

आता तुमचं. पुण्या-मुंबईच्या जाहिरातींत तेच मॉडेल, तेच साल बघा. पण जी गाडी तीन-तीन महिने तिथेच दिसते तिचा आकडा सोडून द्या. विम्याची आयडीव्ही, म्हणजे पॉलिसीत धरलेली गाडीची किंमत, धरून बसू नका. पाच वर्षांपर्यंत घसाऱ्याचं कोष्टक असतं, पुढे ती तुम्ही आणि कंपनी ठरवाल ती. तुम्ही भरलेला रोड टॅक्स गिऱ्हाईक मोजत नाही. उलट गोव्याचा असेल तर एनओसी (आरटीओचा ना-हरकत दाखला) घेऊन तिकडे पुन्हा टॅक्स भरायचाय म्हणून तेवढे कापायला बघतो. टायर संपत आले असतील तर त्यांचे पैसे स्वतःच वजा करा, नाहीतर तो दुप्पट करेल. आणि गाडी लिफ्टवर चढवून खालचे फोटो जाहिरातीतच टाका, गंजासकट. मग तोडायला लाखभर ठेवा, पुरे. पाच-सहा लाख ठेवलेत तर खरा गिऱ्हाईक फोनच करत नाही.

हां, गाडी फारच दुर्मीळ असेल तर थांबून जास्त मिळतातही, पण मग ती घाटावर कोणाच्या तरी बंद गॅरेजमध्ये ठेवा, दापोलीत नको. कर्ज असेल तर आरसीवरचा बोजा आधी उतरवा, हे राहिलंच सांगायचं.

भावोजी अजून म्हणतात, "घाई केलीस." दहा महिने थांबलो, ती घाई! मार्चमध्ये आंब्याच्या पेटीला मिळणारा भाव मे संपताना मिळत नाही, हे बागायतदाराला मी सांगायचं? ताडपत्री तेवढी त्यांनी नेली. सध्या त्यांच्या पडवीत खताच्या पोत्यांवर आहे.