मुलाला ऐकू येतो, आपल्याला येत नाही, असा आवाज घरात खरंच असू शकतो का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. बोरिवलीच्या फ्लॅटमध्ये तुमच्या नऊ वर्षांच्या मुलाला रात्री अंथरुणात पडल्यावर 'ईईई' असा बारीक आवाज येतो. तुम्हाला आणि तुमच्या मिस्टरांना काहीच ऐकू येत नाही. सासूबाई म्हणतात, मोबाइल बघून बघून डोक्यात आवाज घुमतात. आणि आता मुलगा झोप टाळायला बहाणा करतोय की त्याच्या कानाला काही झालंय, हे तुम्हाला कळेनासं झालंय.

मुलावर विश्वास ठेवा. आवाज बहुतेक खोलीतच आहे. मी परळ भागात ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे ऐकण्याची तपासणी करणारी तज्ज्ञ, म्हणून काम करते आणि अशी तक्रार घेऊन आलेली मुलं मी पुष्कळ पाहिली आहेत. त्यातल्या बऱ्याच जणांच्या घरी शोधल्यावर आवाज करणारी वस्तू सापडली. मला वाईट वाटतं ते त्याआधी त्यांना जे ऐकून घ्यावं लागतं त्याचं. 'काहीतरी सांगू नकोस, झोप गुपचूप' हे वाक्य प्रत्येकाच्या वाट्याला आलेलं असतं.

आवाज किती वरच्या पट्टीतला आहे ते हर्ट्झमध्ये मोजतात, म्हणजे सेकंदाला किती कंपनं होतात त्यावर. निरोगी लहान मुलाचा कान साधारण २० पासून २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकतो. वरची हद्द वयाबरोबर खाली सरकत जाते. पंचविशीत ती १७-१८ हजारांवर आलेली असते, चाळिशीत पंधरा हजारांच्या आसपास, पन्नाशी-साठीत बारा हजार किंवा त्याहूनही खाली. माणसागणिक फरक पडतो, पण दिशा सगळ्यांची एकच. म्हणजे तुमच्या घरात १६ किंवा १७ हजार हर्ट्झचा आवाज होत असेल, तर तो तुमच्या मुलाला स्पष्ट ऐकू येणार आणि तुमच्या लेखी तो नसणारच.

तुम्ही वय ३८ लिहिलंय, म्हणजे असा आवाज तुम्हीही लहानपणी ऐकलेला असणार. जुने पिक्चर ट्यूबचे टीव्ही आठवा. आपल्याकडच्या प्रक्षेपणात पडद्यावर ६२५ रेषांचं चित्र सेकंदाला २५ वेळा काढलं जायचं. गुणाकार केला की १५,६२५ होतात, आणि टीव्हीच्या आतला ट्रान्सफॉर्मर बरोबर तेवढ्याच हर्ट्झवर शिट्टी घालायचा. गिरगावात आमच्या चाळीत दुपारी मॅच असली की आजोबा मंडळींची झोप मोडू नये म्हणून टीव्हीचा आवाज पूर्ण बंद करून ठेवायचे. तरी आम्ही पोरं गॅलरीतून चालत जाताना कोणाच्या घरी टीव्ही चालू आहे ते बाहेरूनच सांगायचो. मोठ्यांना त्याचं मोठं नवल वाटायचं.

आता तुमच्या घरातला संशयित शोधायचा. मोबाइलचे चार्जर, एलईडी दिव्यांचे ड्रायव्हर, सेट टॉप बॉक्स आणि वायफाय राउटरचे अडॅप्टर या सगळ्यांत वीज फार वेगाने चालू-बंद करून तिचा दाब बदलला जातो. ही उघडझाप सहसा ऐकण्याच्या हद्दीबाहेर, पन्नास हजार, लाखभर हर्ट्झवर चालते. पण फोन पूर्ण चार्ज झाला किंवा चार्जर नुसताच भिंतीला लटकत राहिला की बरेच चार्जर वीज वाचवण्यासाठी थोडा वेळ चालू, थोडा वेळ बंद अशा पद्धतीने काम करतात. मग तीच लय ऐकू येणाऱ्या पट्ट्यात उतरते, आतली कॉइल (तारेचं वेटोळं) आणि सिरॅमिक कपॅसिटर (वीज साठवणारा छोटा भाग) तिच्या तालावर थरथरतात आणि शिट्टी वाजते. तक्रार रात्रीचीच का असते याचं उत्तरही यातच आहे. फोन उशाशी चार्जिंगला लावलेला असतो, तो मध्यरात्रीआधीच भरतो, आणि एव्हाना रस्त्यावरचा गोंगाटही उतरलेला असतो.

शोधायची पद्धत साधी आहे, पण नीट करा. मुलाला भिंतीकडे तोंड करून बसवा. एकेक उपकरण चालू-बंद करा आणि 'आता येतोय का' एवढंच विचारा. आपल्याकडची बटणं दाबताना टक् असा आवाज होतो आणि मूल त्यावरूनच अंदाज बांधतं, म्हणून बटण दर वेळी दाबायचं, मात्र चार्जर पिनेसकट कधी सॉकेटमध्ये ठेवायचा, कधी आधीच हळूच काढून घ्यायचा. त्याला पत्ता लागू न देता असं पाच-सहा वेळा करून त्याची उत्तरं दर वेळी बरोबर आली, तर शंकेला जागाच उरत नाही. फोनवर आवाजाचा आलेख दाखवणारं एखादं मोफत ॲप टाकलंत तर आणखी बरं. फोनचा माइक साधारण २० हजार हर्ट्झपर्यंत आवाज पकडतो, त्यामुळे तुम्हाला जे ऐकू येत नाही ते पडद्यावर एका उभ्या सुळक्याच्या रूपात दिसू शकतं. आईने तो सुळका पाहिला की मुलाच्या चेहऱ्यावर जे सुटल्याचं समाधान दिसतं, ते मला दर वेळी फार मोलाचं वाटतं.

शिट्टी घालणारा चार्जर धोकादायकच असतो असं नाही. पण रस्त्यावर शंभर रुपयांत घेतलेला असेल तर तो टाका आणि बीआयएसच्या, म्हणजे भारतीय मानक ब्यूरोच्या, नोंदणीची खूण असलेला घ्या. चांगला असेल तर रात्री दुसऱ्या खोलीत लावा, एवढं पुरे.

उंदीर पळवणारं ते छोटं प्लगचं यंत्र घरात असेल, तर मात्र पहिला हात त्यालाच घाला. मुंबईत तळमजल्यावर आणि पहिल्या मजल्यावर उंदीर-घुशींचा त्रास इतका आहे की ही यंत्रं खूप खपतात. ती २० हजार हर्ट्झच्या वरचा आवाज काढतात असं खोक्यावर लिहिलेलं असतं. प्रत्यक्षात काही यंत्रांचा आवाज त्याखाली उतरतो आणि तो मुलांना ऐकू येतो. त्यांनी उंदीर जातात याचा भरवशाचा पुरावाही नाही. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २००१ मध्ये अशा यंत्रांच्या साठाहून अधिक उत्पादकांना आणि विक्रेत्यांना दाव्यांबद्दल इशारा देणारी पत्रं पाठवली होती. रात्रभर मुलाच्या कानाशी असा आवाज चालू ठेवण्यापेक्षा पिंजरा लावा आणि भिंतीतली भोकं बुजवा.

वरच्या पट्टीतलं ऐकू येण्याचा हा गुण मुलांच्याच विरुद्ध वापरणारं एक यंत्रही आहे. वेल्समधल्या मर्थर टिडफिल गावच्या हॉवर्ड स्टेपलटन यांनी २००५ मध्ये 'मॉस्किटो' नावाचं यंत्र आणलं. दुकानासमोर टोळक्याने उभ्या राहणाऱ्या पोरांना हुसकायला ते सुमारे १७,४०० हर्ट्झचा कर्कश आवाज सोडतं. मोठी गिऱ्हाइकं बिनधास्त आत-बाहेर करतात, पोरं मात्र कान धरून निघून जातात. पुढे शाळकरी मुलांनी तोच आवाज मोबाइलची रिंगटोन केला, शिक्षकांना ऐकू न येणारी. २००६ मध्ये स्टेपलटन यांना इग नोबेल, म्हणजे नोबेलच्या धर्तीवरचं गमतीचं पारितोषिक, मिळालं आणि लोक हसले. मला हे यंत्र अजिबात पसंत नाही. दुकानाच्या दारात बाबागाडीतलं तान्हं बाळ असतं, त्याला तो आवाज लागतो, ते रडतं, आणि आईला कारण कळायचा काही मार्ग नसतो. कौन्सिल ऑफ युरोपच्या संसदीय सभेने २०१० मध्ये सार्वजनिक जागी यावर बंदी घालण्याची शिफारस केली, ती योग्यच होती.

वरचे सूर आधी का जातात, हेही समजून घ्या, कारण सासूबाईंचा विषय त्याला जोडलेला आहे. आतल्या कानात कॉक्लिया नावाचं जेमतेम अडीच वेढ्यांचं वेटोळं असतं. ते उलगडलं तर आतला पडदा साधारण ३५ मिलिमीटर भरतो. त्याच्यावर केसपेशींच्या, म्हणजे आवाजाची कंपनं टिपणाऱ्या बारीक पेशींच्या, रांगा असतात. वरच्या पट्टीच्या आवाजाला पडद्याचं सुरुवातीचं, अरुंद आणि ताठ टोक प्रतिसाद देतं, खर्जातल्या आवाजाला आतलं रुंद टोक. आवाज कोणताही असो, तो शिरतो सुरुवातीच्या टोकाकडूनच. दारातलं पायपुसणं जसं आतल्या सतरंजीच्या आधी झिजतं तसं ते टोक आधी झिजतं. शिवाय तिथल्या पेशी मुळातच नाजूक असतात, रक्तपुरवठ्यातला बिघाड किंवा औषधाचा ताण त्यांना लवकर बाधतो. आणि माणसाची केसपेशी एकदा मेली की नवी येत नाही. पक्ष्यांमध्ये ती पुन्हा उगवते, आपल्यात नाही.

या गोष्टीचा उपयोग आम्ही दवाखान्यात करतो. नेहमीची श्रवणचाचणी २५० ते ८,००० हर्ट्झपर्यंतच असते. पण अमिकासिन, कॅनामायसिन यांसारखी इंजेक्शनं किंवा कॅन्सरवरचं सिस्प्लॅटिन चालू असेल तर १६ हजारांपर्यंतची चाचणी घेण्याला फार अर्थ आहे, कारण नुकसान सुरू होतं ते वरून. बोलणं समजण्यावर परिणाम व्हायच्या आत ते पकडता आलं, तर डॉक्टर औषध बदलू शकतात. औषधांना दाद न देणाऱ्या टीबीवर अनेक वर्षं हीच इंजेक्शनं द्यावी लागत. कित्येक तरुण रुग्ण टीबीतून बरे झाले आणि कानांनी गेले. आता त्या टीबीचे उपचार मुख्यतः गोळ्यांवर आलेत, ही या क्षेत्रातली मोठी दिलाशाची गोष्ट आहे.

आता सासूबाई. १७ हजार हर्ट्झचा आवाज गेल्याने तुमचं-माझं काही अडत नाही, त्या उंचीवर कोणी बोलत नाही. पण ही हद्द उतरत उतरत आठ हजार, सहा हजार, चार हजारांवर आली की अडायला लागतं. आपल्या बोलण्यातले स्वर खालच्या पट्टीत असतात आणि त्यांत जोर असतो. स, श, फ यांसारखी व्यंजनं वरच्या पट्टीत असतात आणि मुळातच क्षीण असतात. चाचणीच्या खोलीत मी तोंडासमोर कागद धरून 'साठ' म्हणते आणि समोरचे आजोबा ठामपणे 'आठ' म्हणतात. त्यांना आवाज पोचलेला असतो, फक्त 'स' पोचलेला नसतो. म्हणून घरोघरी म्हातारी माणसं म्हणतात, 'ऐकू येतं रे, पण तू बोलतोस ते कळत नाही.' घरच्यांना वाटतं लक्ष नाही. मग लोक ओरडतात, त्याने स्वर आणखी मोठा होतो आणि व्यंजन आहे तिथेच राहतं. ओरडण्यापेक्षा समोर बसून, टीव्ही बंद करून, सावकाश बोला. नातवंडांचं बोलणं कळत नाही अशी कुरकुर त्या करत असतील तर तेही याच कारणाने, मुलांचे आवाज मुळातच उंच आणि बारीक असतात.

तुम्ही शेवटी विचारलंय की 'तुमच्या कानाचं वय ओळखा' असे व्हिडिओ खरे का. करमणूक म्हणून ठीक. ऑनलाइन व्हिडिओत आवाज दाबून लहान केलेला असतो आणि पुष्कळदा १६ हजारांच्या वरचा भाग त्यात उरतच नाही. फोनचे छोटे स्पीकर वर अडखळतात आणि भलताच, खालच्या पट्टीतला खरखराट करतात, तो ऐकून माणूस खूश होतो. एक गोष्ट मात्र कृपा करून पाळा: ऐकू येत नाही म्हणून आवाज वाढवत नेऊ नका. तुमच्या लेखी शांतता असते आणि शेजारी बसलेल्या मुलाच्या कानात तो आवाज पूर्ण जोराने घुसतो.

वयाची झीज थांबवता येत नाही, गोंगाटाची येते. गोंगाटाने होणारं नुकसान चाचणीच्या आलेखावर ३,००० ते ६,००० हर्ट्झच्या दरम्यान खड्ड्यासारखं दिसतं, बहुधा ४,००० ला सर्वांत खोल. ढोल-ताशा पथकात वाजवणाऱ्या पोरांच्या आलेखावर हा खड्डा विशीत दिसला की माझा जीव कळवळतो, कारण दहा-वीस रुपयांच्या फोमच्या बोळ्यांनी तो बराचसा टाळता येतो. बोळे घातले तरी ताल चुकत नाही, ताशा कानाशी वाजत असतो. लोकलमध्ये इअरफोन लावणाऱ्यांचंही तेच. गाडीच्या खडखडाटावर मात करायला आवाज वाढवला जातो आणि चर्चगेट ते विरार तसाच राहतो. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी ८० डेसिबल आठवड्याला ४० तासांपर्यंत सुरक्षित मानते, आणि आवाज थोडा जरी वाढला तरी ही मुदत झपाट्याने घटते.

तुमच्या मुलाला डॉक्टरकडे कधी न्यायचं? सगळी वीज बंद केली तरी आवाज येत असेल, शाळेत आणि आजोळीही तोच येत असेल, एकाच कानात येत असेल, सोबत कान दुखणं, पाणी येणं, चक्कर किंवा कमी ऐकू येणं असेल, तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे न्या. वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, १९८३ पासून याच कामासाठी. महापालिकेच्या केईएम, नायर आणि सायन रुग्णालयांतही सोय आहे. जाल तेव्हा सासूबाईंनाही सोबत न्या, त्यांचाही आलेख काढून घ्या. त्यांची शब्दांची चाचणी मराठीतूनच घ्यायला सांगा, हिंदी-इंग्रजीच्या यादीवर त्यांना कमी गुण पडले तर दोष कानाचा की भाषेचा ते कळणार नाही.